वाफसा

"बाबा, जागेवरून हलू नका! अजिबात नाही!"

मयुराचा आवाज असा चढला की यशवंतच्या हातातली गाळणी तशीच अधांतरी राहिली. चहा कपाबाहेर सांडला तो वेगळाच.

"काय झालं? पाल आहे का?"

"पाल नाही. खून है बाबा, पूरे घर में खून है!"

मयुरा घाबरली की तिची मराठी आधी पळून जाते. जन्म झाशीचा, शाळा झाशीची, नोकरी सीपरी बाजारातल्या औषधांच्या दुकानात. मराठी काय ती घरातल्या दोन खोल्यांपुरती. पण तिचं बघणं चुकलं नव्हतं. न्हाणीपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून आईच्या, सरलाच्या खाटेपर्यंत आणि परत, दर दुसऱ्या पावलाला रुपयाएवढा लाल ठसा उमटला होता. यशवंत सकाळपासून घरभर फिरत होता. सरलाचं मंगळवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तिला शेगडीजवळ जायची बंदी, म्हणून चहापाणी सगळं त्याच्याकडे. मदतीला त्यानं कामावरून मंगळवारपासून तीन दिवस रजाही घेतली होती.

"कुणाचं रक्त? कुठाय?" काळा चष्मा लावून खाटेवर बसलेल्या सरलानं मान इकडून तिकडे फिरवली. "मेलं मला काही दिसतही नाही!"

मयुरानं बापाला स्टुलावर बसवलं आणि त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला. टाचेत बाभळीचा काटा मोडून आत गेला होता. तिनं भुवया कोरायचा चिमटा आणला, एका हातानं घोटा धरला आणि दात आवळून ओढलं. बोटाच्या पेरापेक्षा लांब काटा निघाला, मागून थोडा पू आणि थोडं रक्त.

"अगं, काढतेस ना?" यशवंत म्हणाला. "चहा निवतोय."

मयुरा त्याच्याकडे बघतच राहिली. तिनं काटा त्याच्या डोळ्यांसमोर धरला. मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "डोळे मिटा बाबा. मी अंगठा दाबते, सांगा कळतंय का."

यशवंतनं डोळे मिटले. "कळतंय की."

"आता करंगळी?"

"हो, कळतंय."

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "मी अजून हात लावलेलाच नाही."

 सरला हसली. "मला दिसत नाही नि यांना कळत नाही. देवानं जोडा बरा जमवला!" तिला वाटलं बाकीचेही हसतील. कुणी हसलं नाही तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला.

"नऊ वर्षांची शुगर आहे," मयुरा पट्टी बांधत होती. "नसें मर जाती हैं. दुकानात रोज येतात असे लोक. किती वेळा म्हटलं डॉक्टरला पाय दाखवा."

यशवंतचं तिच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. "काटा कधीचा असेल गं?"

"पू झालाय. तीन-चार दिन तो हो गए होंगे."

आज गुरुवार. यशवंतनं बोटांवर मागे मोजलं आणि सोमवारावर येऊन तो थांबला. सोमवारी तो कुरणाच्या उतारावर अनवाणी उभा होता. 

आता सोमवारी काय झालं ते सांगायचं तर आधी यशवंतची टाच सांगायला हवी.

यशवंत सोनवणेचे वडील भुसावळहून झाशीच्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून आले आणि इथेच राहिले. पोराला रेल्वेत चिकटवायची त्यांनी खूप खटपट केली, जमलं नाही. यशवंत लागला तो चिरगाँवच्या अलीकडे एका ट्रस्टच्या गोशाळेत. दोनशे गाई, आणि रस्त्यापलीकडे चाळीस एकरांचं कुरण. या कुरणाला चाळीस-पन्नास वर्षांत नांगर लागलेला नाही. तेच अंजन गवत, तीच मुळं, दर पावसाळ्यात नव्यानं फुटणारी. अशा जमिनीत खत पेरून, नांगरून गाडता येत नाही. वरून विस्कटायचं आणि पावसाला सांगायचं, बाबा रे, आत ने. पाऊस ऐकतो, पण वेळ साधली तर.

ती वेळ साधणं हीच यशवंतची नोकरी. कागदावर तो मुकादम होता. गडी लावणं, कापणी बघणं, सगळंच करी. पण वर्षभर कुजवलेलं शेणखत उतारावर कधी टाकायचं हे तोच सांगे. पहिली कापणी राखीच्या आसपास होते. मग आठ-पंधरा दिवसांची फट असते. लवकर टाकलं तर कोवळे कोंब जळतात. उशिरा टाकलं तर गवत शेणानं माखतं आणि गाय म्हणजे गाय, शेण लागलेलं गवत महिनाभर तोंडात धरत नाही. फटीतलाच दिवस हवा, आणि त्या दिवशी जमिनीला वाफसा हवा. वाफसा हा शब्द त्याला वडिलांनी दिला होता. त्यांच्या लहानपणच्या शेतातून तेवढाच काय तो त्यांनी झाशीला आणला होता. वर चिखल नाही, आत ओल आहे. अशा जमिनीवर खत टाकलं की पुढचा पाऊस त्याला घेऊन खाली मुरतो. आत कोरडं असेल तर तोच पाऊस त्याला घेऊन वरच्यावर पळतो.

तर हे ओळखायला यशवंत उजव्या पायातली चप्पल काढी, टाचेवर सगळं वजन टाकी आणि घोटा अर्धा फिरवून तसाच उभा राही. वरची ओल कुणालाही फसवते. आतली ओल टाचेला गार लागते. आत कोरडं असेल तर थोड्या वेळानं खालून ऊब येते, दुपारच्या भिंतीतून येते तशी. एकतीस वर्षांत टाच चुकली नव्हती. नव्या व्यवस्थापकानं, विक्रम तिवारीनं, दोन वर्षांपूर्वी ओल मोजायची सळई आणली तेव्हा यशवंतनं तिला नमस्कार करून कपाटात ठेवून दिलं होतं. पोरं खूप हसली होती. विक्रमही हसला होता, माणूस दिलदार.

या सोमवारी टाच लावली तेव्हा ऊब आली नव्हती. तीन आठवडे पावसानं ओढ दिली होती, मघा लागल्यावर पाच दिवस झिमझिम झाली होती. नाही पडल्या मघा तर वरती बघा म्हणतात, तशा त्या पडल्या होत्या खऱ्या, पण भुरभुर. ऊब नाही म्हणजे गार आहे, असं त्यानं धरलं. ट्रॅक्टरवाल्या रामसेवकला म्हणाला, "कल-परसों में डाल दो," आणि सरलाला घेऊन दवाखान्यात गेला.

आता स्टुलावर बसल्या बसल्या त्याला आठवत होतं. ऊब आली नव्हती. पण गारही कुठे लागलं होतं? काहीच लागलं नव्हतं. देवा रे, काहीच लागलं नव्हतं!

"मी कुरणावर जाऊन येतो," तो उठला.

"या पायानं?" सरला ओरडली. "रजा आहे ना आज? आणि आभाळ बघा, मलासुद्धा अंधारलेलं दिसतंय!"

"म्हणूनच," म्हणून तो निघाला.

चिरगाँवच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मिळाली नसती तर बरं झालं असतं, कारण पश्चिमेकडचं आभाळ सगळा वेळ त्याच्या शेजारी बसल्यासारखं दिसत होतं. पुढच्या बाकावरची बाई नवऱ्याला म्हणत होती, चला, एकदाचा जोराचा येणार. यशवंतला तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

फाटकातून तो जवळजवळ पळतच उतारावर गेला. काळंभोर खत सगळीकडे सारखं विस्कटलेलं होतं. रामसेवकचा हात सुंदरच. यशवंतनं खुरपं घातलं. दोन बोटं माती ओली, मऊ, लोण्यासारखी निघाली. मग खुरपं खट्ट वाजलं. त्यानं दुसरीकडे घातलं, तिसरीकडे, दहा पावलं खाली जाऊन चौथीकडे. दोन बोटं ओल आणि खाली भाजलेली वीट. ती वीट त्यानं हातानं दाबली. हाताला ऊब लागली.

"मुकद्दमजी?" रामसेवक मागे येऊन उभा होता. पंचावन्नचा, बारीक, डोक्याला गमछा. उताराखालच्या वस्तीतला, पुऱ्यातलाच. वीस वर्षं यशवंतबरोबर. "बाई की आँख कैसी है?"

यशवंतनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पहिला थेंब त्याच्या हातावर आपटला, आवळ्याएवढा.

पुढचा तासभर जे झालं ते बघायला फार काही लागत नव्हतं. पाऊस आला तो कोसळलाच. उतारावर पाणी आधी चमकलं, मग हललं, मग चालायला लागलं, आणि चालायला लागलं ते तपकिरी होऊन. दोघांनी फावड्यानं आडवे बांध घालायचा प्रयत्न केला. एक घातला की दुसरीकडून फुटे. यशवंतची पट्टी सुटून कुठे गेली त्याला कळलंही नाही. बैल गेला नि झोपा केला! शेवटी तो फावडं टेकून उभा राहिला. वर्षभराचं शेण, दर महिन्याला उलथून, पाणी मारून, झाकून कुजवलेलं, त्याच्या दोन पायांमधून खाली नाल्याकडे निघालं होतं. नाला जातो पुऱ्याच्या तलैयात, लहानशा तळ्यात. यशवंत रडला. पावसात कुणाला काय दिसतंय, असं म्हणून पोटभर रडला.

तिसऱ्या दिवशी तलैयात मासे उलटे तरंगायला लागले. पुऱ्यातल्या बायका गोशाळेच्या ऑफिसात आल्या. जनावरं पाण्याला तोंड लावत नाहीत, वास येतो म्हणाल्या. विक्रमनं हात जोडले, पाण्याचा टँकर पाठवला, आणि मग रामसेवकला बोलावलं. यशवंत दाराशीच उभा होता.

"खाद किसने डाली?"

"हमने, साब."

"किसके कहने से? सोनवणेजी तो छुट्टी पर थे."

रामसेवक जमिनीकडे बघत राहिला.  बोल, यशवंत स्वतःला म्हणाला. आता बोल. तो दाराची चौकट धरून उभा राहिला.

"छुट्टी जाना था तुझे, है ना? बहन के यहाँ. इसलिए निपटा दिया," विक्रम म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "जब तक न बुलाऊँ, मत आना."

रामसेवकनं "हओ" म्हटलं, गमछा सारखा केला आणि तो यशवंतच्या शेजारून बाहेर गेला. त्यानं यशवंतकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर यशवंतला जेवण तरी गेलं असतं.

घरी सरलाला सगळं सांगितलं. 

"सांगू नका," ती म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन वर्षं राहिली तुमची नोकरीची. रामसेवकला आठ दिवसांत परत बोलावतील. त्याच्यासारखा ट्रॅक्टर कोण चालवतो? पण तुमचं एकदा कळलं ना, की याचे पाय गेलेत, तर तुम्हाला पुन्हा त्या कुरणात कोण विचारणार?"

"तेच तर."

"मग?"

"मग काही नाही. वाढ."

"वाढायचंय तुम्हालाच," सरला म्हणाली. "मला अजून आठ दिवस शेगडीजवळ जायचं नाही." यशवंत उठला, दोघांची पानं वाढली आणि आपल्या पानावरून तसाच उठला.

सरलाचं खोटं नव्हतं. कुरण हे यशवंतचं एकमेव शहाणपण. बाकी तो काय होता? रेल्वेत न लागलेला मुलगा. भावकीत, भुसावळच्या लग्नांत त्याला कुणी फारसं विचारत नसे. शेणाच्या नोकरीचं काय विचारायचं? पण वर्षातून एकदा, त्या आठ-पंधरा दिवसांत, दोनशे गाई, बारा माणसं आणि दोन ट्रॅक्टर त्याच्या टाचेकडे बघत थांबत. "मुकद्दमजी, आज?" "आज नहीं." आणि सगळं थांबे. हे सुख कुणाला सांगून कळणार नाही. तेच जाणार होतं.

दोन दिवस त्यानं मूठ झाकून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बसमधून उतरला तो गोशाळेकडे न वळता पुऱ्याकडे गेला.

रामसेवक तलैयात गुडघाभर पाण्यात उभा होता. टोपलीनं मेलेले मासे काढून काठावर टाकत होता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. घाण अशी सुटली होती की यशवंतनं नाकाला रुमाल लावला आणि लगेच लाज वाटून काढला.

"रामसेवक, तूने साहब को मेरा नाम क्यों नहीं बताया?"

"तुमाओ नाँव काए लेते?" रामसेवक टोपली निथळत म्हणाला. "बाई अस्पताल में हती. तुम परेसान हते."

यशवंत काठावर बसला.  रामसेवकनं आणखी एक टोपली रिकामी केली, मग त्याच्याकडे न बघता म्हणाला, "पइया नईं धँसो हतो."

"क्या?"

"मंगल खों. पैली ट्रॉली चढ़ाई तो पइया नईं धँसो." भरलेल्या ट्रॉलीचं चाक आत ओल असली की चार बोटं रुततं. मंगळवारी रुतलं नव्हतं, टणाटण उडत गेलं होतं. रामसेवकला पहिल्याच खेपेला कळलं होतं, खाली कोरडं आहे.

"तुझे पता था?" यशवंत उठून उभा राहिला. "तो बोला क्यों नहीं? फोन था न मेरे पास!"

रामसेवकला प्रश्नच कळल्यासारखं दिसेना. "तुमाई एड़ी ने हओ कै दई ती," तो म्हणाला. "फिर हम को होत?"

तुमच्या टाचेनं हो म्हटलं होतं. मग आम्ही कोण? यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर यशवंत भांडला असता. वीस वर्षं हा माणूस चाकाखालून तेच ओळखत आला होता जे यशवंत टाचेनं ओळखत होता, आणि वीस वर्षांत एकदाही यशवंतनं त्याला विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं. टाचेला मान देता देता सगळ्यांनी आपापले डोळे मिटून घेतले होते, आणि टाच तर मेलेली.

तिथून तो थेट विक्रमच्या खोलीत गेला. विक्रम फोनवर होता. यशवंत फोन संपेपर्यंत थांबला, मग दार लावून घेतलं.

"साहब, खाद मेरे कहने से डली. सोमवार को मैंने कहा था. रामसेवक का कोई कसूर नहीं."

विक्रमनं कपाळाला आठी घातली. "सोनवणेजी, आप उसे बचा रहे हैं. मैं समझता हूँ. पर आपसे तीस साल में ऐसी गलती नहीं हुई, तो अब कैसे होगी?"

झालं! आता खरं सांगून कुणी मानेना. यशवंतनं टेबलावरच्या डबीतून कागदांना लावायची टाचणी उचलली. खुर्चीवर बसून उजवी चप्पल काढली, पाय गुडघ्यावर घेतला.

"ये देखिए," तो म्हणाला, आणि विक्रमच्या डोळ्यांत बघत टाचणी डोक्यापर्यंत टाचेत घातली.

"अरे! अरे, क्या कर रहे हैं!" विक्रम उठून धावला. यशवंतच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती. ती हलावी, असं त्या क्षणीसुद्धा त्याला मनापासून वाटत होतं. जराशी कळ. मुंगी चावल्याएवढी तरी.

विक्रमनं स्वतः गुडघ्यावर बसून टाचणी काढली, रुमाल दाबून धरला. 

"कब से है ये?"

"पता नहीं साहब," यशवंत म्हणाला. "पता चलता, तो खाद न डलती."

रामसेवकला त्याच दुपारी बोलावणं गेलं. विक्रमनं त्याची माफी मागितली, चार माणसांदेखत मागितली, हे त्याच्या खाती नोंदवायला हवं. यशवंतला त्यानं काढलं नाही. "दो साल हैं आपके. चरागाह के फाटक पर बैठिए. जूते पहनकर. आने-जाने वालों को देखिए." फाटकाशी कडुनिंबाखाली खुर्ची ठेवली. मयुरानं मऊ तळाचे बूट आणले आणि रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन ती बापाच्या तळव्यांची तपासणी करू लागली. सरलाला नव्या डोळ्यानं सगळं लख्ख दिसायला लागलं. पहिल्यांदा नवऱ्याकडे नीट बघून ती म्हणाली, "अगबाई, तुम्ही केवढे म्हातारे झालात हो!" आणि मग जीभ चावली.

त्या वर्षी दुसरी कापणी निम्म्यावर आली. गवत पिवळं, विरळ, जिथे चार गंज्या लागायच्या तिथे दोन लागल्या. हिवाळ्यात चारा पुरेना म्हणून बावीस भाकड गाई गरौठ्याकडच्या दुसऱ्या गोशाळेत पाठवल्या. ट्रक भरत होते तेव्हा यशवंत फाटक सोडून तिकडे गेला नाही. गाई चढायला कुरकुर करतात, त्यांना शेपटी पिरगाळून चढवावं लागतं. ते हंबरणं रस्त्यापलीकडून त्याला ऐकू येत होतं. बावीस होईपर्यंत तो ऐकत राहिला. माझ्यामुळे, तो म्हणाला. कडुनिंबालाच म्हणाला, दुसरं होतं कोण?

वर्ष गेलं. पाऊस वेळेवर आला, अंजन फुटलं, राखीला पहिली कापणी झाली. रामसेवक आता मुकादम होता. पण रोज सकाळी तो फाटकाशी येई, गमछा काढून हातात घेई.

"मुकद्दमजी, आज डार दें?"

पहिल्या दिवशी यशवंतला बरं वाटलं. छे, बरं कसलं, आनंदच झाला. त्यानं आभाळाकडे बघितलं, वारा बघितला, रात्री किती पडला ते विचारलं आणि म्हणाला, "आज नहीं." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मात्र "आज नहीं" म्हणताना त्याची जीभ अडखळली. हे तो कशावरून सांगत होता? त्याला खरंच काही कळत नव्हतं. हा माणूस मात्र पुन्हा तोंडाला कुलूप लावून त्याच्या तोंडाकडे बघत उभा होता.

चौथ्या दिवशी रामसेवकनं विचारायच्या आत तो म्हणाला, "मुझसे मत पूछा कर."

"काए?"

"मुझे नहीं मालूम, रामसेवक." हे वाक्य त्यानं या कुरणात आधी कधी उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर वाटलं तेवढं अवघड नव्हतं. "तेरा पहिया जाने, तू जाने. मुझसे पूछेगा तो मैं फिर बता दूँगा. आदत है."

रामसेवकनं गमछा डोक्याला बांधला. मग "हओ" म्हणून गेला. पुढचे दोन दिवस तो आला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यापलीकडे ट्रॅक्टर सुरू झाला. एकच ट्रॉली आली. रामसेवक ती उतारावर थोडी वर घेऊन गेला, खाली उतरला, चाकामागे वाकून चाकोरीत बोटं घालून बघितली. टाच लावली नाही. टाचेची त्याला कधी गरजच नव्हती. उठून त्यानं पलीकडच्या पोरांना हात केला. या!

कुणी विचारायला आलं नाही. यशवंत खुर्चीत पुढे झुकून बसला. वारा उगवतीचा, हलका. आभाळात ढग होते, पण मोठे नाहीत. दोन दिवसांपूर्वी चांगला मुरवणीचा पाऊस होऊन गेला होता. त्याच्या हिशेबानंही दिवस बरोबरच होता. हे त्याला कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

रस्ता ओलांडून भरलेल्या ट्रॉल्यांची रांग फाटकाकडे निघाली. दुसरा ट्रॅक्टर चालवणारा पोरगा लांबूनच हॉर्न वाजवायला लागला. यशवंत उठला. एरवी तो एकच दार उघडी. आज त्यानं दोन्ही उघडली. डावं दार बिजागरीतून कललेलं, सोडलं की परत फिरे. म्हणून तो त्याला पाठ लावून उभा राहिला, बूट मातीत घट्ट रोवून, आणि शेणखताच्या वासानं भरलेल्या ट्रॉल्या एकेक करून त्याच्या छातीजवळून आत जाऊ लागल्या.

दुपारपर्यंत एकोणीस खेपा झाल्या. तो खुर्चीवर बसला नाही.